आधी सराव, मग खरा व्यवहार

आम्ही राळेगणसिद्धीहून बोलतोय, तालुका पारनेर, जिल्हा अहिल्यानगर. आम्ही म्हणजे इथल्या बचत गटांतल्या बायका, आणि गटांचं हिशेबाचं, बँकेचं, मोबाईलवरचं काम बघणारी त्यांची समन्वयक.

हल्ली बैठकांमध्ये एक शब्द सारखा कानावर येतो, ब्लॉकचेन. कुणी म्हणतं, आता दाखले ब्लॉकचेनवर येणार. कुणी म्हणतं, त्यात पैसे घाला, दुप्पट होतात. शब्द एकच आणि माणसं दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, म्हणून गोंधळ होतो. पैसे दुप्पट करणाऱ्यांविषयी शेवटी बोलू. आधी कामाची बाजू बघू. ब्लॉकचेन ही अनेक संगणकांवर एकदम चालणारी वही असते. अशा वहीचे नियम बदलायचे ठरले, तर ते बदलतात कसे? आधी तपासून कुठे बघतात? आणि हे आपल्याला कळून काय उपयोग?

उपयोग आहे. आपली बचत, आपलं कर्ज, त्यावरचं व्याज आणि आपले दाखले, या सगळ्यांची नोंद आता कागदावरून मोबाईलवर चालली आहे. मोबाईलमधली व्यवस्था दर काही महिन्यांनी बदलते. 'नवीन आवृत्ती आली, अपडेट करा' असा निरोप येतो आणि आपण बोट लावून मोकळ्या होतो. त्या एका बोटामागे आपल्या गटाचा सगळा हिशेब असतो. तो बदल सांभाळून कसा करायचा, हे ज्यांनी मोठ्या प्रमाणावर केलं, त्यांच्याकडून शिकता येतं.

आधी ही वही समजून घेऊ. आपल्या गटात एक कर्ज नोंदवही असते आणि ती सचिवताईंच्या घरी असते. समजा, गटातल्या बाराही जणींकडे त्याच वहीची एकेक प्रत आहे. बैठकीत व्यवहार झाला की बाराही जणी तो आपापल्या प्रतीत लिहितात. आता एखादीनं घरी जाऊन आपल्या प्रतीत पाचशेचे पाच हजार केले, तर पुढच्या बैठकीत ते लगेच उघडं पडेल, कारण बाकी अकरा वह्यांत पाचशेच असतील. त्यात आणखी एक कुलूप घालू. प्रत्येक पान भरलं की त्या पानाचा एक ठसा काढायचा, जसा आपला अंगठ्याचा ठसा असतो तसा, आणि तो पुढच्या पानाच्या डोक्यावर लिहायचा. मागच्या पानात एक आकडा जरी बदलला, तरी त्याचा ठसा बदलतो आणि पुढच्या पानाशी जुळत नाही. पानं अशी एकात एक अडकवलेली असतात, साखळीच्या कड्यांसारखी. म्हणून तिला 'चेन', म्हणजे साखळी म्हणतात. यात जादू काही नाही. खूप जणांकडे एकच वही आणि पानाला पानाचा ठसा, एवढंच आहे.

आता आपल्याच राज्यातलं उदाहरण घेऊ. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीला मार्च २०२२ मध्ये असं जाहीर झालं की तिथल्या सुमारे ६५ हजार जात प्रमाणपत्रांची नोंद 'पॉलिगॉन' नावाच्या ब्लॉकचेनवर होणार. त्याआधी २०२१ साली राज्याच्या कौशल्य विकास मंडळानं पदविकेच्या प्रमाणपत्रांसाठी 'इथेरियम' नावाची दुसरी ब्लॉकचेन वापरायला घेतली होती. एटापल्ली हा आदिवासी भाग आहे. तिथल्या बाईला जातीचा दाखला म्हणजे मुलीची शिष्यवृत्ती, वसतिगृह, नोकरी. त्याच दाखल्याची कुणी खोटी नक्कल केली, तर खऱ्या आदिवासी मुलीची जागा जाते. ब्लॉकचेनवर दाखल्याचा ठसा ठेवला, की दाखल्यावरचा क्यूआर कोड मोबाईलनं वाचून हा दाखला आणि तो ठसा जुळतो की नाही, हे तपासता येतं.

पण मैत्रिणींनो, खरा प्रश्न इथून सुरू होतो. दाखला जन्मभर लागतो, आणि ज्या वहीत त्याचा ठसा आहे तिचे नियम मात्र वरचेवर बदलतात. कधी वेग वाढवायचा असतो, कधी खर्च कमी करायचा असतो, कधी एखादं भोक बुजवायचं असतं. वही एकाच कचेरीत असती, तर साहेबांनी हुकूम काढला असता आणि उद्यापासून नवा नियम लागला असता. इथे वही शेकडो-हजारो संगणकांवर आहे. त्या संगणकांचे मालक वेगवेगळ्या देशांत आहेत आणि त्यांच्यावर एक साहेब नाही. मग सगळ्यांनी एकदम बदलायचं कसं?

आमच्या राळेगणच्या बायकांना हे लवकर समजतं, कारण आम्ही हे डोंगरावर बघितलेलं आहे. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकारानं गावात पाणलोटाचं काम सुरू झालं, तेव्हा चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायचं गावानं ठरवलं. चराईबंदीचा नियम असा आहे की तो ऐंशी घरांनी पाळला आणि वीस घरांनी शेळ्या सोडल्या, तर डोंगर उघडाच राहतो. नियम चांगला असून भागत नाही. तो सगळ्यांनी एकाच दिवसापासून पाळावा लागतो, आणि त्यासाठी आधी सगळ्यांना तो माहीत असावा लागतो. ब्लॉकचेनचंही अगदी तसंच आहे.

पॉलिगॉनची गोष्ट सांगतो. हे जाळं २०१७ साली 'मॅटिक' या नावानं मुंबईत सुरू झालं. जयंती कनानी, संदीप नेलवाल आणि अनुराग अर्जुन ही ते सुरू करणाऱ्यांची नावं. २०२१ मध्ये त्याचं नाव पॉलिगॉन झालं. या जाळ्यावर व्यवहार तपासून वहीत चढवणारे सुमारे शंभर तपासनीस असतात. त्यांना 'व्हॅलिडेटर' म्हणतात. नियम असा की दोन तृतीयांशाहून जास्त तपासनिसांचं वजन एका बाजूला पडलं तरच पान पक्कं होतं. आपल्या बारा जणींच्या गटात आठपेक्षा जास्त जणी हो म्हणाल्या तरच ठराव मंजूर, असं समजा.

मार्च २०२२ मध्ये, म्हणजे एटापल्लीची बातमी आली त्याच महिन्यात, या जाळ्यात एक दुरुस्ती करायला घेतली होती. त्यानंतर जाळं अडकलं आणि सुमारे अकरा तास पुढचं पान लिहिलं गेलं नाही. पॉलिगॉनच्या लोकांनी स्वतःच सांगितलेलं कारण असं होतं, की दुरुस्तीतल्या एका दोषामुळे वेगवेगळे तपासनीस साखळीच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर गेले असावेत आणि दोन तृतीयांश मत जमेना. कुणाचे पैसे गेले नाहीत, जुनी पानंही शाबूत राहिली. पण बघा, चोर आला नव्हता, वीज गेली नव्हती. चांगल्या हेतूनं केलेल्या दुरुस्तीतच सगळे एका पानावर राहिले नाहीत, आणि काम थांबलं.

थांबलं, ही गोष्टही आपण नीट लक्षात घेऊ. एकमत नाही म्हटल्यावर त्या व्यवस्थेनं पुढे लिहिणंच बंद केलं. दोन वेगळे हिशेब लिहीत बसण्यापेक्षा ते बरं. गटाच्या बैठकीत रोकड आणि वही जुळत नसेल, तर शहाणी अध्यक्ष काय करते? नवीन कर्ज देणं थांबवते आणि आधी रोकड मोजते.

मग हे लोक बदलाची तयारी कशी करतात? पहिली गोष्ट, बदल कोणत्या क्षणी लागू होणार ते पक्कं ठरवतात. जगभरात घड्याळं वेगळी, दिवस-रात्र वेगळी. म्हणून अनेकदा तारखेऐवजी पानाचा आकडा ठरवतात. अमुक नंबरच्या पानापर्यंत जुना नियम, त्यापुढच्या पानापासून नवा. वही सगळ्यांची एकच असल्यामुळे तो आकडा सगळ्यांसाठी एकाच वेळी येतो. त्याआधी काही आठवडे प्रत्येक तपासनिसाला निरोप जातो, नवीन आवृत्ती बसवून घ्या. कुणी बसवली, कुणाची राहिली, याची विचारणा होते.

दुसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. खऱ्या जाळ्याशेजारी ते एक सरावाचं जाळं चालवतात. त्याला 'टेस्टनेट' म्हणतात. दिसायला हुबेहूब खऱ्यासारखं, पण तिथलं नाणं फुकट मिळतं आणि त्याची किंमत शून्य. लहान मुलं भातुकलीत खोटा भात रांधतात, तशीच ही भातुकली आहे, फक्त मोठ्या माणसांनी गंभीरपणे मांडलेली. कुठलाही बदल आधी तिथे करून बघायचा. तिथे बिघडलं तर कुणाचा रुपया जात नाही.

पॉलिगॉनच्या या सरावाच्या जाळ्याचं नाव ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. त्याचं नाव होतं 'मुंबई'. कितीतरी वर्षं जगभरचे संगणकवाले म्हणायचे, आधी मुंबईवर चालवून बघा. २०२४ च्या एप्रिलमध्ये ते 'मुंबई' जाळं बंद झालं, कारण ते ज्या दुसऱ्या सरावाच्या जाळ्याच्या आधारानं चालत होतं तेच बंद होत होतं. त्याच्या जागी 'अमॉय' नावाचं नवीन आलं. इथे एक खूणगाठ बांधा. सरावाचं जाळं कधीही बंद होऊ शकतं आणि तिथल्या नोंदीही जातात. म्हणून कुणी दाखला किंवा पावती देताना ती सरावाच्या जाळ्यावरची असेल, तर तिला खरी समजायचं नाही.

इथेरियमनं तर सराव किती करावा याचा धडाच घालून दिला. २०२२ साली त्यांना आपल्या वहीची तपासणी करण्याची पद्धतच मुळापासून बदलायची होती. जुन्या पद्धतीत संगणक रात्रंदिवस आकडेमोडीची शर्यत लावायचे आणि प्रचंड वीज खायचे. नवीन पद्धतीत वीज जवळजवळ ९९.९५ टक्के कमी लागणार होती. हा बदल चालू वहीत करायचा होता, एक दिवसही दुकान बंद न ठेवता. त्यांनी तो आधी 'रॉप्स्टेन' या सरावाच्या जाळ्यावर जूनमध्ये केला, 'सेपोलिया'वर जुलैमध्ये केला, 'गोर्ली'वर ऑगस्टमध्ये केला. तीन रंगीत तालमी झाल्या, आणि मग १५ सप्टेंबर २०२२ रोजी खऱ्या जाळ्यावर बदल झाला. व्यवहार चालूच राहिले. ही नावं कसली, असं तुम्ही विचाराल. रॉप्स्टेन हे स्टॉकहोममधलं मेट्रो स्टेशन, सेपोलिया अथेन्समधलं, गोर्ली हे बर्लिनमधल्या जुन्या रेल्वे स्टेशनावरून. सरावाच्या जाळ्यांना स्टेशनांची नावं द्यायची, अशी त्यांची रीत आहे.

आता सराव फसला तर काय होतं, ते ऐका. २०२५ च्या फेब्रुवारीत इथेरियमचा पुढचा मोठा बदल 'होलेस्की' या सरावाच्या जाळ्यावर करून बघितला. तो पार बिघडला. हे जाळं चालवायला वेगवेगळ्या चमूंनी आपापली ॲपं लिहिलेली असतात, म्हणजे एकाची चूक दुसऱ्यानं पकडावी. पण या वेळी त्यांतल्या तीन चमूंच्या ॲपांत, सरावाच्या जाळ्यावर ठेवी जिथे जमा होतात त्या खात्याचा पत्ताच चुकीचा भरलेला होता. त्यामुळे एक चुकीचं पान बहुतेकांनी बरोबर मानलं आणि वही दोन वाटांना गेली. ती ताळ्यावर यायला दोन आठवडे लागले. मग त्यांनी काय केलं? खऱ्या बदलाची घाई केली नाही. नवंकोरं सरावाचं जाळं मार्चमध्ये उभं केलं आणि त्यावर पुन्हा चाचणी घेतली. या नव्या जाळ्याचं नाव 'हुडी', बंगळुरूमधल्या स्टेशनाचं नाव. तिथे सगळं नीट झालं, आणि त्यानंतर ७ मे २०२५ रोजी खऱ्या जाळ्यावर बदल झाला, तोही सुरळीत.

आपल्याकडे सरावात बिघडलं की लोक हसतात, 'झाली का फजिती' म्हणतात. पण सरावात बिघडलं म्हणजे सरावाचं काम झालं. तो चुकीचा पत्ता खऱ्या वहीत गेला असता, तर खऱ्या लोकांचे खरे पैसे अडकले असते. पोळी पहिली करपली तर तवा तापलाय किती ते कळतं, पुढच्या पोळ्या नीट होतात. तसंच हे.

कधी कधी मात्र सावकाश सराव करायला वेळच नसतो. डिसेंबर २०२१ मध्ये पॉलिगॉनच्या व्यवस्थेत एक मोठं भोक सापडलं. ते भल्या हेतूनं तपासणाऱ्या एका माणसानं कळवलं होतं. ३ डिसेंबरला कळलं आणि ५ डिसेंबरला दुरुस्ती लागू झाली. आधी जाहीर केलं असतं, तर चोरांना रस्ता दाखवल्यासारखं झालं असतं, म्हणून गुपचूप तपासनिसांना सांगून काम उरकलं. तरी दुरुस्ती होईपर्यंत एका चोरानं आठ लाखांहून जास्त मॅटिक नाणी पळवलीच. तो भार संस्थेनं स्वतः उचलला आणि २९ डिसेंबरला सगळी हकिकत लोकांपुढे मांडली.

आम्ही माहितीच्या अधिकाराच्या गावातल्या बायका आहोत. त्या कायद्यासाठी इथून उपोषणं झाली आहेत. त्यामुळे 'गुपचूप केलं' हे शब्द आम्हाला टोचतात. पण विचार केल्यावर यातला फरक कळतो. आग लागली तर आधी पाणी मारावं लागतं, सभा नंतर. मात्र सभा घ्यायची असतेच. काय झालं होतं, किती गेलं, कुणी भरलं, हे नंतर उघड सांगितलं पाहिजे. जी व्यवस्था बदल करून गप्प बसते आणि विचारलं तरी सांगत नाही, तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही.

आता आपल्या वहीकडे येऊ. आपल्या राज्यात बचत गटांच्या नोंदी संगणकावर नेण्याचं काम काही कालचं नाही. नाबार्डनं 'ई-शक्ती' हा प्रकल्प २०१५ साली सुरू केला, तेव्हा तोही आधी देशातल्या दोनच जिल्ह्यांत करून बघितला. झारखंडमधलं रामगढ आणि आपलं धुळे. मग तो इतरत्र नेला. आमच्या गावातही शेतीसाठी दिवसा सौर विजेचा प्रयोग झाला. २०१७ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सुरुवातीच्या प्रायोगिक ठिकाणांत राळेगणसिद्धी होतं. आधी एका ठिकाणी, मग सगळीकडे, ही रीत आपल्याला नवी नाही. फक्त मोबाईलच्या बाबतीत आपण ती विसरतो.

आमच्या गटांमध्ये काय घडलं, ते सांगतो. आमचे काही गट हिशेब एका ॲपमध्ये ठेवायचे. एका महिन्यात त्याची नवीन आवृत्ती आली. काही गटांच्या मोबाईलवर ती आपोआप बसली, काहींच्या मोबाईलमध्ये जागा नव्हती म्हणून जुनीच राहिली. एका ताईंचं दहा हजारांचं अंतर्गत कर्ज होतं, त्यातले चार हजार त्यांनी फेडले होते. राहिले सहा हजार. महिना दोन टक्क्यांनी व्याज होतं एकशेवीस रुपये. नवीन आवृत्ती दाखवत होती दोनशे. म्हणजे फेडलेल्या पैशावरही व्याज लागत होतं. फरक ऐंशी रुपयांचा. ऐंशी रुपये म्हणजे काय, असं शहरातल्या माणसाला वाटेल. गटात अशा पाच जणी असल्या, तर महिन्याला चारशे रुपये होतात, वर्षाला चार हजार आठशे. आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट ही, की शेजारच्या गटातल्या बाईला तेवढ्याच कर्जावर एकशेवीस आणि मला दोनशे, असं दिसलं की बायकांचा गटावरचा विश्वास उडतो. मग बचत थांबते, बैठकीची हजेरी घटते.

ते पकडलं गेलं, कारण कागदाची नोंदवही आणि सभासदांचं पासबुक आम्ही बंद केलं नव्हतं. त्या ताईंनी बैठकीतच पासबुक उघडून विचारलं, माझं व्याज वाढलं कसं? मग आम्ही त्या महिन्याची ॲपमधली नोंद थांबवली. वसुली नोंदवहीप्रमाणे केली. नोंदवहीच्या पानाचा आणि मोबाईलच्या पडद्याचा फोटो जोडून ॲपवाल्यांना लेखी कळवलं. काही दिवसांनी दुरुस्ती आली. त्या ताईंकडून ऐंशी रुपये कुणी घेतले नाहीत.

त्यानंतर आम्ही एक पद्धत घालून घेतली. ॲपवाल्यांकडून सरावासाठी वेगळं खातं मागून घेतलं आणि त्यात एक खोटा गट उघडला. सभासदांची नावं ठेवली मेथीताई, शेपूताई, पालकताई, अंबाडीताई. मुद्दाम भाज्यांची, म्हणजे खऱ्या बाईच्या नोंदीत ती कधी मिसळणार नाहीत. मेथीताई दर महिन्याला नीट हप्ता भरतात. शेपूताईंचा एक हप्ता चुकतो. पालकताई मुदतीआधी सगळं कर्ज फेडतात. अंबाडीताई गट सोडून जातात आणि बचत परत मागतात. सरळ व्यवहार तर कुठलंही ॲप बरोबर करतं. चुकतं ते अडनिड्या व्यवहारात, म्हणून सरावात तेच घालायचे. या चौघींचा हिशेब आम्ही कागदावर एकदा करून ठेवला आहे. नवीन आवृत्ती आली की आधी एकाच मोबाईलवर बसवतो, चौघींचा हिशेब घालतो आणि कागदाशी ताडून बघतो. जुळला तर सगळ्या गटांना दिवस ठरवून निरोप देतो, अमुक बैठकीपासून सगळ्यांनी नवीन आवृत्ती. तोपर्यंत आपोआप अपडेट होणं मोबाईलमध्ये बंद ठेवतो.

तुमच्या गटातही कुणी नवीन ॲप, नवीन आवृत्ती किंवा दाखल्याची नवीन पद्धत घेऊन आलं, तर चार प्रश्न विचारा. लिहून घ्यायचे असतील तर वही-पेन घ्या.

पहिला प्रश्न, हे आधी कुठे वापरून बघितलं आणि तिथे काय काय बिघडलं? 'काहीच बिघडलं नाही' असं उत्तर आलं, तर बहुधा नीट बघितलेलंच नाही.

दुसरा प्रश्न, सगळ्यांनी कोणत्या दिवसापासून वापरायचं, आणि त्या दिवशी ज्यांचं राहिलं त्यांचं काय?

तिसरा प्रश्न, आमच्या जुन्या नोंदी नव्यात जशाच्या तशा दिसतील का? आमच्यासमोर तीन जणींच्या उघडून दाखवा.

चौथा प्रश्न, बिघडलं तर थांबवायचं कुणी, मागे कसं यायचं, आणि कुणाला लेखी कळवायचं?

हे प्रश्न विचारायला संगणकाचं शिक्षण लागत नाही. गटाची पंचसूत्री ज्या बाईला पाठ आहे, नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे, तिला हे विचारता येतात. पाचवं सूत्र लेखे. ते मोबाईलवर गेले म्हणून आपली जबाबदारी मोबाईलवर जात नाही.

आता सुरुवातीला म्हटलं होतं ती दुसरी बाजू. ब्लॉकचेनच्या नावानं पैसे मागणारे लोक गावात येतात. 'गेनबिटकॉइन' नावाच्या योजनेत दर महिन्याला दहा टक्के परतावा देऊ, असं सांगून लोकांकडून गुंतवणूक घेतली होती. २०१८ साली पुणे पोलिसांनी त्याच्या सूत्रधाराला अटक केली. महिन्याला दहा टक्के कुठला धंदा देतो, हे गटातल्या कुठल्याही बाईला विचारा. आपण बँकेचं व्याज किती काटेकोर मोजतो! तोच हिशेब तिथेही लावायचा.

आणि आवृत्ती बदलण्याच्या वेळी फसवणारे जास्त येतात. 'अपग्रेड चालू आहे, तुमचं खातं बंद पडेल, ओटीपी सांगा' असा फोन येतो. २०२२ च्या त्या मोठ्या बदलाच्या वेळी इथेरियमच्या लोकांनी आधीच जाहीर केलं होतं, की साध्या वापरणाऱ्याला काहीही करावं लागणार नाही, कुणी काही करायला सांगत असेल तर सावध व्हा. हे वाक्य आपल्या बँकेलाही लागू आहे. व्यवस्थेची दुरुस्ती व्यवस्था चालवणारे करतात. त्यासाठी तुमचा ओटीपी, तुमचा पिन, तुमचा अंगठा कुणालाही लागत नाही.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. ही वही कितीही पक्की असली तरी तिला खरं-खोटं कळत नाही. लिहिलेलं कुणी बदललं नाही, एवढीच ती ग्वाही देते. एटापल्लीच्या दाखल्यावर अधिकाऱ्यानं चौकशी न करता सही केली, तर ब्लॉकचेनवर खोटंच पक्कं होऊन बसेल. चौकशी माणसानंच करायची आहे. बैठकीत हजर नसलेल्या बाईची हजेरी आपण लावली, तर ती मोबाईलवरही हजरच दिसणार.

म्हणून मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एक काम करा. तीन सभासदांची पासबुकं उघडा. प्रत्येकीची शिल्लक पासबुकात किती, नोंदवहीत किती आणि मोबाईलवर किती, हे एकीनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. तिन्ही आकडे जुळले तर इतिवृत्तात तसं लिहून सह्या करा. एक जरी जुळला नाही, तर त्या दिवशी नवीन कर्ज वाटू नका, आधी तो आकडा शोधा. हे काम दहा मिनिटांचं आहे. दर महिन्याला वेगळ्या तीन जणी घेतल्या, तर बारा जणींच्या गटाची चार महिन्यांत एक फेरी पूर्ण होते.